सार्वजनिक वाहतूक आणि मुंबईतील प्रेक्षणीय स्थळे : एक ऐतिहासिक अभ्यास (१८५३ ते २०२५)

प्रस्तावना

कोणत्याही शहरातील प्रेक्षणीय स्थळांचा इतिहास लिहिताना त्यांचे बांधकाम, शिल्पकार, आश्रयदाते आणि उद्घाटनाची तारीख यांची नोंद आवर्जून घेतली जाते. त्या स्थळापर्यंत सामान्य माणूस केव्हा, कोणत्या वाहनाने आणि किती खर्चात पोचू लागला, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक वास्तू बांधून पूर्ण होणे आणि ती नागरिकांची होणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिल्या घटनेची नोंद कोनशिलेवर असते. दुसरीची नोंद शोधायची तर वाहतुकीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

मुंबई हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे. येथील बहुतेक प्रसिद्ध वास्तू १८६० ते १९२५ या काळात उभ्या राहिल्या आणि साधारणतः त्याच काळात रेल्वे, घोड्यांची ट्राम, विद्युत ट्राम, विद्युत उपनगरी गाडी आणि मोटारबस ही वाहने येथे सुरू झाली. वास्तू आणि वाहने यांची वाढ अशी समांतर झाल्यामुळे त्यांच्यातील परस्परसंबंध येथे स्पष्टपणे दिसतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, मुंबईतील सार्वजनिक वाहतुकीचे टप्पे आणि प्रेक्षणीय स्थळांची उपलब्धता यांतील संबंध तपासणे. दुसरे, ‘मुंबई पाहणे’ ही कल्पना या वाहनांमुळे कशी घडली याचा शोध घेणे. तिसरे, गेल्या काही वर्षांतील बदलांचे या परंपरेच्या संदर्भात मूल्यमापन करणे. त्यासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून वाहतूक सेवांचा कालक्रम आणि वास्तूंचा कालक्रम यांची तुलना हा विवेचनाचा मुख्य आधार आहे.

रेल्वे : वाहन हेच प्रेक्षणीय

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित प्रवासी आणि २१ मैलांचे अंतर असा हा प्रवास होता. त्या दिवशी पाहण्याजोगी गोष्ट मार्गावरील कोणतेही स्थळ नव्हते. गाडी स्वतःच प्रेक्षणीय होती. लोकांनी तिला ‘आगीनगाडी’ म्हटले आणि तिच्या रुळांना ‘लोखंडी रस्ता’. या शब्दांतूनच त्या काळातील कुतूहलाची कल्पना येते.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराचे सविस्तर वर्णन करणारा हा मराठीतील आरंभीचा ग्रंथ होय. तो ट्रामपूर्व काळातील आहे. कोटाच्या भिंती पाडण्याचे काम त्या सुमारास नुकतेच हाती घेण्यात आले होते आणि आज मुंबईची ओळख ठरलेल्या वास्तूंपैकी बऱ्याचशा अस्तित्वातच नव्हत्या. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तान्त’ १८८९ मध्ये आला, तेव्हा राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, क्रॉफर्ड मंडई आणि व्हिक्टोरिया टर्मिनस ही सारी उभी होती. या दोन ग्रंथांच्या दरम्यानच्या सव्वीस वर्षांत शहर पालटले, आणि ते पाहण्याचे साधनही पालटले.

घोड्यांची ट्राम आणि नवे नगर

मुंबईत घोड्यांच्या ट्रामचा आरंभ ९ मे १८७४ रोजी झाला. प्रारंभी दोन मार्ग होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मंडईमार्गे पायधुणीपर्यंत आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. आरंभीचे भाडे तीन आणे होते व तिकीट दिले जात नसे. प्रतिसाद वाढू लागल्यावर भाडे दोन आण्यांवर आले. फुकट प्रवास करणारे वाढल्यामुळे त्याच वर्षी तिकिटांची पद्धत सुरू करावी लागली. रोजच्या प्रवासासाठी दोन आणे ही रक्कम मजुरी करणाऱ्याच्या दृष्टीने लहान नव्हती. तथापि सणावाराला, पाहुणे आले असता किंवा गावाहून प्रथमच मुंबईस आलेल्याला ‘शहर दाखवण्यासाठी’ हा खर्च आवाक्यातील होता. व्हिक्टोरिया भाड्याने करणे ज्याला शक्य नव्हते, त्यालाही ट्रामच्या बाकावर बसता येत होते.

पहिल्या मार्गाकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्यावर मोकळ्या झालेल्या भूमीवर नवी मुंबापुरी आकार घेत होती. फ्लोरा फाउंटन १८६४ चे, क्रॉफर्ड मंडई १८६९ ची. राजाबाई मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बोरीबंदरचे भव्य स्थानक बांधले गेले. कुलाबा आणि पायधुणी यांमधील हा सारा पट्टा ट्रामच्या वाटेवर किंवा तिच्यापासून काही पावलांवर होता. या वास्तू उभ्या राहत असतानाच ट्रामचे प्रवासी येथून ये-जा करीत होते. त्यामुळे मुंबईकरांनी आपले नवे शहर प्रथम पाहिले ते मोठ्या प्रमाणावर ट्रामच्या उघड्या बाजूने, घोड्याच्या गतीने.

या मार्गाचे सामाजिक महत्त्वही कमी नाही. एक टोक युरोपीय वस्तीच्या कुलाब्यात, तर दुसरे गजबजलेल्या एतद्देशीय वस्तीच्या पायधुणीत होते. नगररचनेने ज्या दोन मुंबई वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या एका तिकिटाने जोडल्या गेल्या. पायधुणीचा दुकानदार कोट भागातील कमानी आणि कारंजी पाहू लागला, हा बदल प्रशासनाने ठरवून केलेला नव्हता. तो व्यवसायासाठी आखलेल्या मार्गाचा अनपेक्षित परिणाम होता.

राणीचा बाग : एक उदाहरण

वाहतूक आणि प्रेक्षणीयता यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत. व्हिक्टोरिया उद्यान १८६२ मध्ये खुले झाले. त्याच्या आवारातील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झाले. या संग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांचा पुढाकार होता. १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

उद्यानासाठी भायखळ्याची निवड झाली तेव्हा तो भाग बागा आणि बंगल्यांचा होता. पुढील काही दशकांत त्याच्या आसपास गिरण्या आणि चाळी वाढल्या व उद्यान गिरणगावाच्या उंबरठ्यावर आले. भायखळा हे रेल्वेच्या पहिल्या मार्गावरील स्थानक. त्याची सध्याची दगडी वास्तू १८९१ ची आहे. पुढे विद्युत ट्रामचीही सोय झाली. राजघराण्याच्या गौरवार्थ आणि ज्ञानप्रसाराच्या हेतूने निर्माण केलेली संस्था अशा रीतीने चाळीतील कुटुंबांच्या सुटीच्या दिवसाचे ठिकाण बनली. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चे ‘राणीचा बाग’ हे झालेले सुटसुटीत मराठीकरण याच प्रक्रियेचे द्योतक आहे. लोक ज्या जागी वारंवार जातात तिला ते आपल्या भाषेतील नाव देतात.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये कोट भागातून हलवून राणीच्या बागेत आणला गेला. घारापुरीचा प्रचंड दगडी हत्तीही येथेच आहे. शहराच्या सत्तांतरांचे अवशेष अशा रीतीने सामान्यांच्या सहलीच्या ठिकाणी एकत्र आले.

विद्युत ट्राम, बस आणि बदललेला नकाशा

७ मे १९०७ रोजी मुंबईत विद्युत ट्राम धावू लागली आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मंडई या मार्गावर पहिली मोटारबस सुरू झाली. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे सहा लाख प्रवाशांनी बसचा लाभ घेतला व पुढील वर्षी ही संख्या सुमारे ३८ लाखांवर गेली. १९३४ मध्ये बससेवेचा विस्तार शहराच्या उत्तर भागात झाला, १९३७ मध्ये दुमजली बस आली आणि १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी मर्यादित थांब्यांची सेवा सुरू झाली.

बसच्या पहिल्या मार्गाची दोन टोके येथे महत्त्वाची आहेत. अफगाण चर्च १८५८ चे. तेथून मंडईकडे येताना १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया, १९२२ मध्ये जनतेस खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, फ्लोरा फाउंटन आणि बोरीबंदर हा सारा परिसर लागतो. गेटवे आणि संग्रहालय या दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा होता. सम्राटाच्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारलेली कमान अवघ्या दोन वर्षांत बसच्या मार्गाजवळचे ठिकाण झाली. तिचा साम्राज्यवादी अर्थ मागे पडून समुद्राचा वारा घेण्याची जागा हा नवा अर्थ रूढ होण्यास या सुलभतेने हातभार लावला, असे म्हणता येते.

७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा महानगरपालिकेकडे आली. स्वातंत्र्यदिनाच्या आठ दिवस आधी घडलेली ही घटना प्रतीकात्मक मानावयास हरकत नाही. ज्या वाहनातून नागरिक शहर पाहत होते, ते वाहनच आता नागरी संस्थेचे झाले. स्वातंत्र्योत्तर काळात कमला नेहरू उद्यान (१९५२), तारापोरवाला मत्स्यालय (१९५१), नेहरू तारांगण (१९७७) आणि नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) ही नवी ठिकाणे निर्माण झाली. शाळकरी मुले, लहान उत्पन्नाची कुटुंबे आणि गावाहून आलेले पाहुणे हा त्यांचा स्वाभाविक प्रेक्षकवर्ग होता. मरीन ड्राइव्हवरून ताडदेव व आर. सी. चर्च यांदरम्यान धावणाऱ्या १२३ क्रमांकाच्या दुमजली बसमधील वरच्या मजल्यावरचे पुढचे आसन हे तर अनेक पिढ्यांसाठी स्वतंत्र आकर्षण होते. साध्या तिकिटात समुद्र, वळणदार किनारा आणि आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग दिसत असे. याच इमारती कोट भागातील व्हिक्टोरियन वास्तूंसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. जागतिक मान्यता येण्यापूर्वी कित्येक दशके बसच्या प्रवाशांनी त्यांना आपल्या पसंतीची पावती दिली होती.

उपनगरी गाडी आणि विस्तारलेली मुंबई

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत उपनगरी गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत विद्युतीकरण झाले. उपनगरी गाडीने प्रेक्षणीय मुंबईची सीमा उत्तरेकडे सरकवली. कान्हेरीची लेणी बोरिवली स्थानकापासून काही मैलांवर आहेत. जी लेणी पूर्वी दूरच्या प्रवासाचे ठिकाण होती, ती एका दिवसाच्या सहलीच्या कक्षेत आली. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाल्यानंतर ‘स्थानकापर्यंत गाडी आणि पुढे बस’ हा मुंबईचा विशिष्ट प्रवासक्रम दृढ झाला. जुहूचा किनारा याच क्रमाने सर्वांचा झाला.

याउलट घारापुरीचे उदाहरण आहे. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेली ही लेणी गेटवेपासून सागरी अंतराने जवळ आहेत, परंतु तेथे जाण्यासाठी लाँचचे स्वतंत्र भाडे द्यावे लागते आणि पावसाळ्यात समुद्र खवळल्यास फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. त्यामुळे शहराच्या इतक्या निकट असूनही घारापुरी नित्याच्या सहलीचे ठिकाण न होता प्रसंगविशेषाचे राहिले. अंतर मैलांत मोजले जात असले, तरी सामान्यांसाठी ते भाड्यात आणि फेऱ्यांच्या संख्येत मोजावे लागते, हे यावरून दिसून येते.

दर्शन आणि सहल

‘मुंबई दर्शन’ या रूढ शब्दप्रयोगातील ‘दर्शन’ हा शब्द विचार करण्यासारखा आहे. हा शब्द देवळातून आलेला आहे. मुंबईत देवदर्शन आणि शहरदर्शन यांची सरमिसळ वाहतुकीच्या साधनांमुळे अधिकच दृढ झाली. नवरात्रात महालक्ष्मीस, सप्टेंबरातील जत्रेत वांद्र्याच्या माउंट मेरीस, ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीस आणि गणेशोत्सवात लालबाग-गिरगावात जाणाऱ्यांसाठी जादा बस किंवा विशेष गाड्या सोडण्याची प्रथा आहे. गणेशोत्सवात रात्रभर चालणारी वाहतूक ही तर मुंबईच्या सांस्कृतिक जीवनाची गरजच बनली आहे. चैत्यभूमीस येणाऱ्या अनुयायांपैकी अनेक जण त्याच प्रवासात गेटवे आणि राणीचा बागही पाहतात. भक्ती, अस्मिता आणि कुतूहल यांसाठी वेगवेगळी वाहने नसतात.

थांब्यांची नावे : एक जिवंत दस्तऐवज

वाहतुकीने स्थळे जवळ आणली तशीच त्यांची नावेही जपली. धोबी तलावातील पाणी केव्हाच बुजले, पण नाव वाहकाच्या हाळीत राहिले. काळा घोडा १९६५ मध्ये गेला, तरी जागेचे नाव तेच राहिले, आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोड्याचा नवा पुतळा बसवण्यात आला. म्हणजे नावाने पुतळ्याला परत बोलावले. ‘दादर टी. टी.’ मधील दोन अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत, हे आज तेथून रोज जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. ट्राम जाऊन सहा दशके उलटली तरी तिचे अखेरचे स्थानक भाषेत शिल्लक आहे.

ट्रामचा अस्त आणि नंतरचा काळ

३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर या मार्गावर शेवटची ट्राम धावली. रस्त्यावरील वाढत्या मोटारींना तिचा अडथळा होऊ लागला होता, असे कारण त्या काळी पुढे करण्यात आले. २०१८ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या कामात जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले. जे एके काळी वारसा पाहण्याचे साधन होते, ते आता स्वतःच वारसा ठरले.

दरम्यान शहरदर्शनाचे स्वरूप बदलत होते. १९९७ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने ‘नीलांबरी’ ही उघड्या छताची बस सुरू केली. अलीकडील काळात तिच्या वरच्या मजल्यासाठी १५० रुपये व खालच्या मजल्यासाठी ७५ रुपये भाडे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची जुनी दुमजली बस आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड्या छताची बसही सेवेतून निवृत्त झाली. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस दाखल झाल्या, हे खरे आहे. तथापि बंद काचेतून शहर पाहणे आणि उघड्या खिडकीतून पाहणे यांत फरक आहे.

याहून गंभीर प्रश्न खर्चाचा आहे. २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये करण्यात आले होते. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. राणीच्या बागेचे प्रौढांसाठीचे प्रवेशशुल्क २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. आई-वडील व दोन मुलांच्या कुटुंबासाठी ते शंभर रुपये ठेवण्यात आले. यांपैकी प्रत्येक वाढीमागे व्यवस्थापनाची कारणे आहेत आणि ती अमान्य करता येत नाहीत. जनावरांची निगा आणि बसचा इंधनखर्च विनामूल्य होत नाही. परंतु या वाढी वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या कारणांनी ठरतात आणि त्यांचा भार मात्र एकाच कुटुंबाच्या एकाच रविवारवर पडतो. या बेरजेचा विचार करणारी कोणतीही एक यंत्रणा नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो पूर्ण स्वरूपात सुरू झाली. सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही तिची स्थानके पाहिली असता १८७४ च्या ट्रामचा परिसरच पुन्हा जोडला गेल्याचे जाणवते. उत्तरेकडील उपनगरांतील प्रवाशाला कोट भाग यामुळे खचितच जवळ आला. मात्र एक मूलभूत फरक आहे. ट्राम प्रवाशाला स्थळापर्यंत पोचवीत असे आणि वाटेत शहरही दाखवीत असे. मेट्रो पोचवते, दाखवत नाही. दोन स्थळांमधील शहर, म्हणजे गल्ल्या, मंडया, देवळे, दुकाने आणि माणसे, हे या प्रवासातून वगळले जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईतील वास्तू त्यांच्या उद्घाटनाने सार्वजनिक झाल्या नाहीत. परवडणाऱ्या भाड्याचे नियमित वाहन त्यांच्या जवळ आल्यावर त्या सार्वजनिक झाल्या. राणीचा बाग आणि गेटवे ही याची उदाहरणे होत, तर घारापुरी हे त्याचे व्यत्यासाने दिसणारे प्रमाण होय.

२. कुलाबा ते पायधुणी या ट्राममार्गाने नगररचनेतील वांशिक व सामाजिक विभागणीस काही अंशी छेद दिला. साम्राज्याच्या गौरवासाठी बांधलेल्या वास्तूंना नागरी जीवनाचा अर्थ प्राप्त होण्यात वाहतुकीचा वाटा आहे.

३. सार्वजनिक वाहनातील प्रवास हा केवळ साधन नसून पाहण्याच्या अनुभवाचा भाग होता. दुमजली बसचा वरचा मजला हे त्याचे लोकप्रिय रूप होते. स्वतंत्र पर्यटन-बस आणि भुयारी मेट्रो यांच्या आगमनाने हा अनुभव नित्याच्या प्रवासापासून वेगळा पडत आहे.

४. वाहनभाडे आणि प्रवेशशुल्क यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे. वारसा-जतनाच्या धोरणात वास्तूच्या दुरुस्तीबरोबरच तिच्यापर्यंत जाणाऱ्या बसच्या फेऱ्यांचाही समावेश असावा.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुली झाली आणि भायखळा स्थानकाच्या जतनाची दखल युनेस्कोने २०२२ मध्ये घेतली. एकाच परिसरातील या दोन वास्तूंचे जतन अभिमानास्पद आहे. या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावरून धावणारी बसही त्याच वारशाचा भाग आहे, ही जाणीव धोरणात उतरली तरच जतन केलेल्या वास्तू यापुढेही सर्वांच्या राहतील.